फ्रेंचमधलं साधं वाक्य आणि संमिश्र वाक्य

गेल्या दोन व्याख्यानांत आपण फ्रेंच क्रियापदांची रूपं पाहिली. आज वाक्याकडे वळू. काही श्रोत्यांनी विचारलं आहे की तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने व्याकरणात कशाला शिरायचं? त्याचं उत्तर आजच्या विषयातच मिळेल. आपण जेव्हा एका वाक्यात दोन-तीन गोष्टी बोलतो, तेव्हा त्यांतल्या कोणत्या गोष्टीची हमी आपण घेतो आणि कोणती नुसती मांडतो, हा प्रश्न तर्कशास्त्राचा आहे तितकाच व्याकरणाचाही आहे. आणि फ्रेंच भाषा तो प्रश्न फार उघडपणे विचारते.

सुरुवातीला शाळेतली व्याख्या. फ्रेंच शाळांत मुलांना सांगतात: वाक्यातली रूप चालवलेली क्रियापदं मोजा. रूप चालवलेलं म्हणजे कर्त्याप्रमाणे आणि काळाप्रमाणे बदललेलं. असं एकच क्रियापद असेल तर ते साधं वाक्य, 'फ्राझ सँप्ल'. एकाहून जास्त असतील तर संमिश्र वाक्य, 'फ्राझ कॉंप्लेक्स'. इथे दोन खुलासे लागतात. पहिला असा की फ्रेंचमध्ये 'फ्राझ' म्हणजे अख्खं वाक्य. इंग्रजीतून फ्रेंचकडे येणारे विद्यार्थी त्याला वाक्यांश समजतात आणि पुढचं सगळं चुकतं. दुसरा असा की मराठीत आपण केवल, मिश्र आणि संयुक्त असे तीन प्रकार शिकलो. फ्रेंच 'कॉंप्लेक्स'मध्ये आपलं मिश्रही येतं आणि संयुक्तही येतं. म्हणून आम्ही आज 'संमिश्र' हा शब्द वापरतो आहोत, दोन्ही पोटात घेणारा.

आता लांबी. साधं म्हणजे छोटं, असा समज असतो. तसं काही नाही. 'पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात, नदीपलीकडच्या जुन्या स्टेशनवरून, पहाटेच्या अंधारात, दूधवाल्यांच्या किटल्यांसकट गाडी निघते.' हे फ्रेंचमध्ये असंच लिहिलं तर साधंच वाक्य, कारण 'निघते' हे एकच क्रियापद. उलट 'झ से क त्यू मां', म्हणजे 'मला माहीत आहे की तू खोटं बोलतोस', हे पाच शब्दांचं वाक्य संमिश्र आहे. क्रियापदं दोन, कर्ते दोन.

यातल्या प्रत्येक तुकड्याला, म्हणजे एका क्रियापदाभोवतीच्या शब्दसमूहाला, फ्रेंच शालेय व्याकरण 'प्रोपोझिस्यॉं' म्हणतं. तर्कशास्त्रात ज्याला आपण विधान म्हणतो त्याचंही फ्रेंच नाव हेच. हा योगायोग नाही. पॅरिसजवळ पोर-र्वायाल नावाचा जोगिणींचा मठ होता आणि त्याच्या आश्रयाने काही विद्वान छोट्या शाळा चालवत. त्यांतल्या आंत्वान आर्नो आणि क्लोद लान्स्लो यांनी 1660 साली एक व्याकरण छापलं, आणि दोनच वर्षांनी, 1662 मध्ये, त्याच आर्नोंनी प्येर निकोल यांच्या जोडीने तर्कशास्त्राचा ग्रंथ काढला. एकाच घरातली ही दोन भावंडं. पुढे लुई चौदावा याच्या काळात तो मठ जमीनदोस्त झाला, पण पुस्तकं टिकली. 1966 मध्ये नोम चॉम्स्कींनी ती पुन्हा चर्चेत आणली.

व्याकरणातलं त्यांचं एक उदाहरण प्रसिद्ध आहे. ईश्वराला 'अदृश्य' आणि जगाला 'दृश्य' अशी विशेषणं लावून, त्या ईश्वराने हे जग घडवलं असं सांगणारं ते वाक्य आहे. क्रियापद एक. पण आर्नो आणि लान्स्लो म्हणतात की मनात इथे तीन विधानं आहेत: ईश्वर अदृश्य आहे, जग दृश्य आहे, आणि ईश्वराने जग घडवलं. यांतलं शेवटचं मुख्य, बाकीची दोन त्याच्या पोटात. कधी आपण ती विशेषणात दडवतो, कधी 'जो'ने सुरू होणारं वाक्य करून उघड करतो. म्हणजे क्रियापदं मोजण्याची शाळेची रीत सोयीची आहे, पण ती वाक्याचा देह मोजते. त्यात किती विधानं आहेत आणि ती कोणाच्या जबाबदारीवर आहेत, ते वेगळं पाहावं लागतं.

मराठी माणसाला हे लवकर पटायला हवं, कारण आपल्या भाषेत क्रियापदं न वाढवता बरंच काही कोंबता येतं. 'काल आलेला माणूस आज गेला.' मराठीत केवल वाक्य. फ्रेंचमध्ये याचं सहज रूप 'जो माणूस काल आला तो आज गेला' असं होतं. 'की' हे संबंधी सर्वनाम येतं, दुसरं क्रियापद येतं, वाक्य संमिश्र होतं. 'मी घरी जाऊन जेवलो.' आपल्याकडे पुन्हा केवल वाक्य, 'जाऊन' हे धातुसाधित. फ्रेंच माणूस बहुधा म्हणेल, मी घरी गेलो आणि जेवलो. म्हणून मराठीतून फ्रेंचमध्ये लिहिताना वाक्याचा प्रकार जसाच्या तसा नेता येत नाही. ज्यांनी हा हट्ट धरला त्यांचं फ्रेंच व्याकरणाने बरोबर असूनही कृत्रिम वाटतं.

आता जोडण्याच्या रीती पाहू. एकच प्रसंग घेऊ: पाऊस पडतोय आणि मी घरी थांबतोय.

'इल प्ल, झ रेस्त.' पाऊस पडतोय, मी थांबतो. दोन विधानं शेजारी शेजारी, मध्ये फक्त स्वल्पविराम. 'इल प्ल, दॉंक झ रेस्त.' पाऊस पडतोय, म्हणून मी थांबतो. इथे जोडणारा शब्द आला, पण दोन्ही विधानं आपापल्या पायांवर उभी. 'झ रेस्त पार्स किल प्ल.' मी थांबतो कारण पाऊस पडतोय. आता पाऊस मुख्य विधानावर अवलंबून झाला; तो गौण वाक्यात गेला.

दुसऱ्या रीतीत येणारे सात शब्द फ्रेंच मुलं एका गमतीच्या प्रश्नात पाठ करतात: 'मे ऊ ए दॉंक ऑर्निकार?' अर्थ, 'पण ऑर्निकार आहे तरी कुठे?' या नावाचा कोणी नाही. पण, किंवा, आणि, म्हणून, आता, ना, कारण, हे सात शब्द त्यात आवाजाने लपले आहेत. पिढ्यान् पिढ्या लोक या ऑर्निकारला शोधताहेत. भाषाशास्त्रज्ञ मात्र म्हणतात की 'दॉंक' या यादीत बसत नाही, कारण 'ए दॉंक', म्हणजे 'आणि म्हणून', असं सर्रास बोलतात; दोन खरी उभयान्वयी अव्ययं अशी एकावर एक येत नाहीत. आमचं मत विचाराल तर पाठांतरापुरतं ते असू द्यावं.

पहिल्या रीतीबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण ती सगळ्यांत भोळी दिसते. शेजारी ठेवलेल्या दोन वाक्यांत कार्यकारणाचा संबंध कोणी सांगितलेला नसतो. तो ऐकणारा लावतो. आल्बेर काम्यूंची 'लेत्रांजे' ही कादंबरी 1942 ची. तिचा नायक मर्सो छोटी, सुटी वाक्यं बोलतो. हे केलं. मग ते केलं. 1943 मध्ये सार्त्र यांनी तिच्यावर लेख लिहिला आणि या वाक्यांच्या सुटेपणावर बोट ठेवलं. दोन वाक्यांमध्ये कारणाचा पूल बांधायचं लेखक टाळतो, हे त्यांनी दाखवलं. आता कादंबरीचा दुसरा भाग आठवा. खटला चालतो. आईच्या अंत्यसंस्काराला मर्सो रडला नाही आणि पुढे त्याने खून केला, या दोन गोष्टी त्याने कधीच जोडल्या नव्हत्या. सरकारी वकील त्या जोडतो. सगळी 'कारण', 'म्हणूनच', 'यावरून' ही त्याची. आणि मर्सोला स्वतःला कारण द्यायची वेळ येते तेव्हा तो काय देतो? ऊन. 'उन्हामुळे', असं नामाला चिकटलेलं, स्वतःचं क्रियापद नसलेलं कारण. न्यायालयात लोक हसतात. माणसाचा जीव गौण वाक्यं कोण रचतो यावर अवलंबून राहू शकतो, हे यापेक्षा स्पष्ट आम्हाला दुसरीकडे वाचायला मिळालेलं नाही.

बरं, कारण सांगणारे शब्दही सारखे नाहीत. 'पार्स क', 'कार' आणि 'प्वीस्क' या तिन्हींचं भाषांतर शब्दकोश 'कारण' असं देतात. 1975 मध्ये ऑस्वाल्ड द्युक्रो आणि त्यांचे सहकारी यांनी या तिघांवर एक निबंध लिहिला, तो अजूनही उपयोगी आहे. साधी कसोटी अशी. 'से पार्स किल प्ल क झ रेस्त', म्हणजे 'पाऊस पडतोय म्हणूनच मी थांबतोय', असं कारणावर जोर देऊन म्हणता येतं. 'कार' किंवा 'प्वीस्क' घालून हेच वाक्य होत नाही. 'का?' या प्रश्नाला उत्तरही 'पार्स क'नेच सुरू होतं. याचा अर्थ 'पार्स क' दोन घटना बांधून त्यांचं एक विधान करतो, आणि त्या बंधनाची हमी बोलणारा घेतो. 'कार' मात्र पहिलं विधान करून झाल्यावर, ते आपण का केलं याचं समर्थन देतो. 'तो घरी असणार, कारण दिवा लागलाय.' दिव्यामुळे तो घरी आला नाही ना? दिव्यामुळे मी तसं म्हणतोय. बोलण्यात 'पार्स क' हेही काम करतो आणि 'कार' बहुतेक लिखाणात उरला आहे. आपला 'कारण'ही दोन्ही नोकऱ्या करतो.

'प्वीस्क' मात्र जरा बेरकी आहे. तो जे सांगतो ते ऐकणाऱ्याला आधीच मान्य आहे असं गृहीत धरतो. 'प्वीस्क त्यू से तू…', 'तुला सगळं माहीतच आहे तर…'. वादात हा शब्द आला की सावध व्हा. तुम्ही न दिलेली कबुली तुमच्या नावावर जमा होते.

आता 'क'. हा फ्रेंच संमिश्र वाक्याचा खरा खांब. आधी एक मराठी खड्डा दाखवतो. आपला 'की' म्हणजे फ्रेंच 'क', आणि फ्रेंच 'की' म्हणजे आपला 'जो'. आवाज सारखे, कामं उलटी. शिवाय आपल्याला 'तो येईल असं मला वाटतं' अशी उलटी रचनाही येते. गौण वाक्य आधी, मग 'असं'. फ्रेंचमध्ये 'क' आपल्या वाक्याच्या तोंडाशीच बसतो.

'पॉल क्र्वा क ला तेर ए प्लात.' पॉल मानतो की पृथ्वी सपाट आहे. हे वाक्य खरं असू शकतं का? अर्थात. पॉल तसं मानत असेल तर खरं. पोटातलं विधान खोटं, अख्खं वाक्य खरं. आता 'आणि'ने जोडून पाहा: पॉल आला आणि पृथ्वी सपाट आहे. एक तुकडा खोटा ठरला की सगळं खोटं. जर्मन तर्कशास्त्रज्ञ गोटलोब फ्रेगे यांनी 1892 च्या निबंधात हाच मुद्दा बारकाईने मांडला. आम्ही विद्यार्थ्यांना सांगत असू की वाक्यात 'क' दिसला तर विचारा, पुढचं कोण बोलतंय? लेखक की पॉल?

आणि इथे फ्रेंचमधली ती सगळ्यांना छळणारी गोष्ट येते, 'स्युबझॉंक्तीफ' नावाचा क्रियापदाचा अर्थ. 'झ क्र्वा किल व्हियँ', मला वाटतं तो येतोय. 'झ न क्र्वा पा किल व्हियेन', मला नाही वाटत तो येईल असं. मुख्य वाक्य नकारी झालं आणि गौण वाक्यातलं क्रियापद 'व्हियँ'चं 'व्हियेन' झालं. पाठ्यपुस्तकं म्हणतात, शंका, इच्छा, भावना असेल तर स्युबझॉंक्तीफ. शंकेचा नियम लगेच कोलमडतो. 'झेस्पेर किल व्हियँद्रा', मला आशा आहे तो येईल. इथे शंका भरपूर, तरी साधा भविष्यकाळ. उलट 'झ स्वी कॉंतां किल स्वा व्हन्यू', तो आला याचा मला आनंद आहे. तो आलाच आहे, समोर बसलाय, शंका शून्य, तरी स्युबझॉंक्तीफ.

आमच्या मते प्रश्न शंकेचा नाही, विधान कोणी करतंय का याचा आहे. आशेच्या वाक्यात बोलणारा 'तो येईल' हे स्वतः पुढे ठेवतो. आनंदाच्या वाक्यात 'तो आला' ही बातमी तो देत नाही; ती दोघांनाही ठाऊक आहे असं धरून आनंद सांगतो. सगळी उदाहरणं यात बसतात असा आमचा दावा नाही, सवयीचा भाग मोठा आहे. 'आव्हां क', म्हणजे 'च्या आधी', याच्यापुढे स्युबझॉंक्तीफ आणि 'आप्रे क', म्हणजे 'नंतर', याच्यापुढे नाही असा नियम आहे. त्यात तर्क आहे, कारण नंतरची गोष्ट घडलेल्या गोष्टीवर उभी असते. पण कितीतरी फ्रेंच लोक दोन्हीकडे स्युबझॉंक्तीफच वापरतात आणि व्याकरणवाले कपाळाला हात लावतात.

मराठीला हे परकं नाही. 'त्याने जावं अशी माझी इच्छा आहे' यातला 'जावं' हा विध्यर्थ आठवा. 'झ व्ह किल पार्त' याचं तंतोतंत भाषांतर. आणि जाणारा मीच असेन तर? आपण 'मी जावं अशी माझी इच्छा' असं सहसा म्हणत नाही, 'मला जायचंय' म्हणतो. फ्रेंचही तेच करतं: 'झ व्ह पार्तीर'. कर्ता एक असला की 'क' गळतो, क्रियापद मूळ रूपात येतं आणि शाळेच्या मोजणीत वाक्य साधं होतं.

संबंधी वाक्यं राहिली. 'की' आणि 'क' यांतला फरक माणूस आणि वस्तू असा नाही, जरी अनेकांना तसं वाटतं. 'की' कर्त्याच्या जागी, 'क' कर्माच्या जागी. आपला 'जो' आणि 'ज्याला'. 'दॉं' म्हणजे 'ज्याचा' किंवा 'ज्याविषयी', 'ऊ' म्हणजे 'जिथे', आणि 'ज्या दिवशी' म्हणतानाही तोच.

पण आपला धागा इथे स्वल्पविरामात आहे. मृत्युपत्र करणाऱ्या एका बाईंना चार मुलं आहेत असं समजा, त्यांतली दोन पॅरिसला. त्या लिहितात, 'मे झांफां की व्हीव्ह आ पारी' यांना घर. स्वल्पविराम नाही, जी मुलं पॅरिसला राहतात त्या दोघांना घर. आता मुलांनंतर आणि पॅरिसनंतर स्वल्पविराम टाका: माझी मुलं, आणि ती पॅरिसला राहतात बरं का, त्यांना घर. आता घर चौघांचं, आणि चौघंही पॅरिसला राहतात असं एक जादा विधान बाईंच्या नावावर लागलं, जे खोटं आहे. एक मर्यादा घालणारं, एक माहिती पुरवणारं. हा भेद आर्नो-निकोल यांच्या तर्कशास्त्रात व्यवस्थित आहे. मराठीत 'जी मुलं… त्यांना' अशी जोडी पुढे आणली की मर्यादा आपोआप कळते. फ्रेंचमध्ये ते ओझं स्वल्पविरामावर, आणि बोलताना श्वासावर.

संबंधी वाक्यातही क्रियापदाचा अर्थ बदलतो. पॅरिसमध्ये कोणी म्हणालं, 'झ शेर्श अँ मेदसँ की से ल माराती', तर मराठी जाणणारा एक विशिष्ट डॉक्टर आहे आणि तो सापडत नाही. 'से'च्या जागी 'साश' घातलं, तर मराठी जाणणारा एखादा डॉक्टर हवाय, असा कोणी आहे की नाही देव जाणे. आपण हे काम 'तो एक' आणि 'एखादा' यांच्याकडून करून घेतो. फ्रेंच एका क्रियापदात अस्तित्वाची हमी देतं किंवा काढून घेतं.

शेवटी एक उलटं उदाहरण, एकच क्रियापद असलेलं. फ्रेंच वर्तमानपत्रात 'ल मिनिस्त्र आ देमिस्योने' छापलं तर मंत्र्यांनी राजीनामा दिला, आणि छापणारा जबाबदार. 'ल मिनिस्त्र ओरे देमिस्योने' छापलं तर दिला म्हणे. फक्त 'आ'चं 'ओरे' झालं, संकेतार्थी रूप. कोण म्हणतं ते नाही, 'क' नाही, गौण वाक्य नाही. शाळेच्या हिशेबात साधं वाक्य, आणि तरी बोलणारा बाजूला सरकून उभा. मराठीत हेच काम शेवटचा तो एक 'म्हणे' करतो, आणि तो काढून टाकला की बातमीची अफवा होते की अफवेची बातमी, ते तुम्हीच ठरवा.

'सी'ची, म्हणजे 'जर'ची, वाक्यं आज जाणूनबुजून बाजूला ठेवली आहेत. त्यांना काळांचा वेगळा हिशेब लागतो. ती पुढच्या वेळी घेऊ. तोवर एखादा फ्रेंच परिच्छेद घेऊन क्रियापदं मोजून पाहा, आणि प्रत्येकासमोर पेन्सिलीने लिहा की याला जामीन कोण.